वडिलांची दारू सुटली, मग माझी धडधड का थांबत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही 36 वर्षांचे आहात, लहान गावात वाढलात, आता पुण्यात नोकरी करता. वडील तुमच्या बालपणभर दारू पीत होते, पिऊन आले की आईला मारत होते, आणि थोरला मुलगा म्हणून तुम्ही समजायला लागल्यापासून दोघांच्या मध्ये उभे राहत होता. सहा वर्षांपूर्वी उपचार घेऊन त्यांनी दारू सोडली. तरीही कार्यालयात साहेबांचा आवाज चढला की तुमचे हातपाय गार पडतात आणि छाती धडधडते, पत्नीला यायला उशीर झाला की तीन-तीनदा फोन केल्याशिवाय चैन पडत नाही, रात्री जिन्यात पाऊल वाजले तरी जाग येते. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड सगळे ठीक निघाले. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या औषधाची गोळी दोन वर्षे चालू आहे. एका समुपदेशकाने वडिलांना क्षमा करा असे सांगितले. दुसऱ्याने पहिल्याच भेटीत सगळे बालपण बोलायला लावले आणि त्यानंतर दोन आठवडे तुम्हाला धड झोप लागली नाही. आई म्हणते, झाले गेले गंगेला मिळाले. आणि आता आईवडील कायमचे तुमच्याकडे राहायला येण्याचे घाटत आहे. अशा वेळी बरे व्हायचे तर भूतकाळ उकरायलाच हवा का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर असे की सगळा उकरायला नको, पण काही मोजक्या आठवणींना हात लावावा लागण्याची शक्यता आहे, आणि तोही सुरुवातीला नव्हे. ‘उकरावे की विसरावे’ अशी मांडणी झाल्यामुळे तुमची कोंडी झाली आहे. बालपणी शिकलेली भीती आज तुमच्या कोणत्या सवयींवर जगते आहे, हा माझ्या दृष्टीने कामाचा प्रश्न आहे. त्या सवयी आजच्या असल्यामुळे त्यांच्यावर आजच काम करता येते, आणि ते काम झाले की भूतकाळाचा किती भाग खरोखर दुखरा उरला आहे हे बरेच स्वच्छ दिसू लागते.

पुढचे वाचण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे लक्षात घ्या. तुम्हाला प्रत्यक्ष न भेटता मी निदान करू शकत नाही. वडील आजही धमकावत असतील, हात उगारत असतील, तर तुमच्या भीतीला आजार म्हणण्यापूर्वी घरातल्यांच्या सुरक्षिततेची सोय करावी लागेल. झोपेसाठी किंवा धडधड थांबवण्यासाठी तुम्ही स्वतः मद्य घेत असाल, अधूनमधून आपण कुठे आहोत याचे भान सुटत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर उपचारांचा क्रम बदलतो. जगणे नकोसे वाटण्याचा विचार येत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहत बसू नका; केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आता ही भीती बसते कशी ते पाहू. दारू पिणाऱ्या माणसाच्या घरातले मूल फार लवकर एका कामात तरबेज होते. फाटकाची कडी कशी वाजली, चपला कशा काढल्या गेल्या, आईला हाक कोणत्या आवाजात मारली, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला ओळखता येते. वडील रोज पिऊन येत नसत, कधी खाऊ घेऊन हसतही येत, असे तुम्ही लिहिले आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जे संकट रोज येते त्यासाठी माणूस ठरावीक वेळी तयार होतो, पण जे कधी येते आणि कधी येत नाही त्यासाठी त्याला सतत जागे राहावे लागते. तेव्हा तो सावधपणा अगदी बरोबर होता. त्याने तुमचे आणि कदाचित आईचेही रक्षण केले. अडचण एवढीच की मेंदूचा जो भाग हे शिकला त्याला वडिलांची दारू सुटल्याची बातमी नुसती सांगून कळत नाही. त्याला अनुभवातूनच नवे शिकावे लागते, आणि तसा अनुभव तुम्ही त्याला अजून मिळू दिलेला नाही.

बालपणातल्या अशा अनुभवांचा पुढच्या प्रकृतीशी असलेला संबंध अमेरिकेत सॅन डिएगो येथे फेलिटी आणि अँडा यांनी केलेल्या मोठ्या पाहणीतून 1998 मध्ये पुढे आला. घरातले व्यसन आणि आईला होणारी मारहाण या दोन्ही गोष्टी त्या पाहणीत स्वतंत्रपणे मोजल्या होत्या. त्या पाहणीवर आधारलेली प्रश्नावली हल्ली मोबाइलवर फिरते आणि लोक आपला आकडा काढून घाबरून जातात. तसे करू नका. तो आकडा हजारो माणसांच्या समूहाबद्दल काही सांगतो, एका माणसाचे भवितव्य सांगत नाही, आणि निदान तर मुळीच करत नाही. निदानाचा विचार करायचा तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, दीर्घकाळ चाललेल्या आणि सुटका नसलेल्या आघातानंतरच्या अवस्थेला वेगळे स्थान दिले आहे. घटना पुन्हा घडत असल्यासारखी अनुभवणे, तिची आठवण टाळणे आणि सतत धोका जाणवणे यांच्या जोडीला भावना आवरता न येणे, स्वतःला हीन लेखणे आणि जवळच्या माणसांशी नाते टिकवताना अडखळणे, हे सगळे त्यात पाहिले जाते. तुमच्या पत्रात सतत धोका जाणवणे ठळक आहे. बाकीचे किती आहे हे प्रत्यक्ष मुलाखतीतच कळेल. दारूच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला हे निदान लागू होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना साधा चिंताविकार किंवा पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा, त्रास असतो, आणि त्याचे उपचार तुलनेने सरळ आहेत.

नव्या अनुभवाची वाट अडवणाऱ्या सवयींकडे येते. साहेबांचा आवाज चढला की त्यांचे वाक्य संपण्याआधी तुम्ही ‘हो, करतो’ म्हणून मोकळे होता, किंवा फोन आल्याचे निमित्त करून बाहेर पडता. पत्नीला पुन्हा पुन्हा फोन करता. खिशात गोळी असल्याशिवाय बैठकीला जात नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने तुम्हाला तात्काळ बरे वाटते, आणि तिथेच घात होतो. काही वाईट घडले नाही याचे श्रेय मेंदू त्या फोनला, त्या गोळीला, त्या शरणागतीला देतो; मुळात धोका नव्हता ही गोष्ट तो शिकतच नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तो तितक्याच जोरात इशारा देतो.

इथे थोडे विषयांतर करते. महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती पुष्कळांना ओळखीची झाली, आणि विचार बदलला की भावना बदलते या सूत्रावर मराठी सुशिक्षितांचा मोठा विश्वास बसला. मलाही त्या परंपरेतून खूप मिळाले आहे. पण आघाताच्या भीतीत नुसत्या युक्तिवादाचा उपयोग मर्यादित असतो. ‘साहेब म्हणजे वडील नव्हेत’ हे तुम्हाला ठाऊक नाही असे थोडेच आहे? ज्या क्षणी हात गार पडतात त्या क्षणी ही माहिती कामाला येत नाही. म्हणून वर्तनात बदल करून, प्रसंगात टिकून राहून, अपेक्षेपेक्षा वेगळे काही घडताना पाहावे लागते. विवेकवादाशी याचे भांडण नाही; एलिस स्वतःही रुग्णांना भीतीच्या प्रसंगात जायचा गृहपाठ देत असत.

प्रत्यक्षात पहिले दोन-तीन महिने साधारण असे जातात. बैठकीपूर्वी तुम्ही एका वहीत लिहायचे की आवाज चढला तर काय होईल असे वाटते आणि त्याची खात्री किती टक्के आहे. समजा तुम्ही लिहिले, ‘ते सर्वांसमोर माझा अपमान करतील आणि मला भोवळ येईल, खात्री 80 टक्के’. मग बैठकीत बसून राहायचे, वाक्य पूर्ण ऐकायचे, आणि ‘मला उद्या दुपारपर्यंत वेळ लागेल’ असे एक ठरवलेले वाक्य बोलायचे. नंतर वहीत काय घडले ते नोंदवायचे. धडधड झाली की नाही याला महत्त्व नाही. धडधडीसह तुम्ही बसू शकलात का आणि भाकीत खरे ठरले का, एवढेच पाहायचे. धडधडीचीच भीती असेल तर ती मुद्दाम निर्माण करून पाहतो. जिने भरभर चढणे, खुर्चीत गोल फिरणे, मिनिटभर जोरात श्वास घेणे, असे प्रयोग मी खोलीतच करून घेते. तुमच्या हृदयाच्या तपासण्या झाल्या आहेत ही त्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे, तरी डॉक्टरांना विचारूनच हे करावे. पत्नीच्या फोनबाबत तिला विश्वासात घेऊन आधी तीनचा एक, मग एकाचा शून्य असा उतार ठरवता येतो. तिनेही ‘पोहोचले’ असा संदेश आपणहून पाठवत राहू नये, कारण प्रेमापोटी दिलेला तो दिलासा तुमची सवय चालू ठेवतो. हे सांगितले की घरोघरी थोडी नाराजी होते, हे मला माहीत आहे.

दीर्घ उच्छ्वासाचा व्यायाम, प्राणायाम, चालणे हे सगळे जरूर करावे. मात्र धडधड सुरू झाली की ती घालवण्याचा उपाय म्हणून श्वासाकडे धावू नका, नाहीतर खिशातल्या गोळीची जागा प्राणायाम घेतो.

आता आठवणींच्या कामाबद्दल. ते कधी लागते? एखादी घटना आठवताना ती आत्ता घडत असल्यासारखे शरीर वागत असेल, तीच स्वप्ने पडत असतील, किंवा त्या घटनेतून स्वतःविषयी काढलेला एखादा कठोर निष्कर्ष आजही तुम्हाला चालवत असेल, तर. अशा वेळी आम्ही अख्खे बालपण हाती घेत नाही. दोन-तीन आठवणी निवडतो, आणि त्यांवर ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या गतीने काम करतो. आघातकेंद्रित वर्तनोपचार आणि फ्रान्सिन शपिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली, आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवणारी ईएमडीआर ही पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शिकेत केली आहे. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत आठवण पुन्हा पुन्हा, तपशिलात, वर्तमानकाळात सांगितली जाते आणि तिचे ध्वनिमुद्रण ऐकवले जाते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: रुग्णाला काय होणार आहे, का होणार आहे आणि कुठे थांबता येईल हे आधी माहीत असते. तुमच्या दुसऱ्या समुपदेशकाकडे नेमके हेच झालेले दिसत नाही. बांध फोडला आणि पाणी कुठे जाणार याचा विचार केला नाही, असा तो प्रकार होता. त्यानंतर तुमची झोप गेली याचा अर्थ तुम्ही कमकुवत आहात किंवा हा विषय तुमच्यासाठी कायमचा वर्ज्य आहे असा नाही.

आठवणींना हात लावण्याआधी तयारी किती करायची यावर आम्हा उपचारकांमध्येच मतभेद आहेत. मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या क्रमानुसार आधी सुरक्षितता आणि स्थिरता, मग स्मरण आणि शोक, मग पुन्हा जगाशी जोडून घेणे अशा तीन पायऱ्या आहेत. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला की लांबलचक तयारीत रुग्णाचा वेळ जातो आणि उपचार पुढे ढकलले जातात. माझा कल थोडक्या तयारीकडे आहे. झोप बरी असेल, घरात मारहाण नसेल आणि भावना उसळल्यावर तासाभरात खाली येत असेल, तर मी थांबत नाही. वर्षभर नुसती ‘स्थिरता’ चाललेली दिसली की मला शंका येते की आठवणीला रुग्णाइतकाच उपचारकही घाबरतो आहे.

या कामात भीतीपेक्षा अपराधीपणा जड निघतो, असा माझा अनुभव आहे, आणि थोरल्या मुलांच्या बाबतीत तर हमखास. तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिले आहे: ‘त्या रात्री मी शेजारच्या काकांना हाक मारायला जायला हवे होते, पण अंथरुणात पडून राहिलो.’ उपचारात मी तिथे थांबेन. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होता. तुमचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. त्याची उंची पाहा, त्याचे मनगट हातात धरून पाहा, आणि रात्री अंधारात बाहेर जाऊन एका संतापलेल्या पुरुषाला अडवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येईल का ते स्वतःला विचारा. ‘तुमची काही चूक नव्हती’ असे माझ्यासारख्या परक्या बाईने सांगून तितका फरक पडत नाही. जवळपास त्याच वयाचे मूल समोर असले की निष्कर्ष हलू लागतो. याच कारणाने, आपले मूल आपल्या त्या वयाच्या जवळ येऊ लागते तेव्हा पुष्कळांचा त्रास अचानक वाढतो. तुमचा त्रास दोन वर्षांपासून का वाढला असावा याचे एक संभाव्य उत्तर इथे आहे.

क्षमेबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण ती तुमच्यावर लादली गेली आहे म्हणून लिहिते. क्षमा हे उपचाराचे उद्दिष्ट मी कधीच ठरवत नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे हे खरे आहे, आणि वडिलांनी त्यातून बाहेर पडण्यासाठी केलेले कष्टही खरे आहेत. पण त्यामुळे आईला झालेली मारहाण कमी होत नाही. वडिलांबद्दल जिव्हाळा, राग, कीव आणि धास्ती एकाच वेळी वाटू शकते, त्यातली एकच भावना खरी ठरवण्याची गरज नाही. वडील अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बैठकांना जात असतील तर तिथल्या नवव्या पायरीत ज्यांना आपण दुखावले त्यांची भरपाई करायची असते, मात्र तसे करताना समोरच्याला अधिक इजा होणार असेल तर नाही. म्हणजे ‘बाबा, मला आत्ता हे ऐकायचे नाही’ असे म्हणण्याची जागा त्यांच्याच कार्यक्रमात ठेवलेली आहे. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनचे गट असतात. पुण्यात 1986 पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली तर कुटुंबीयांसाठी काय सोय आहे ते कळेल.

आईला साक्षीदार करण्याचा हट्ट मात्र धरू नका. गंगेला मिळाले म्हणण्यावर तिने आयुष्य तगवले आहे. तिने तुमचे बालपण मान्य केल्याशिवाय तुम्ही बरे होणार नाही असे नसते, आणि आमनेसामने जाब विचारण्याचा प्रसंग उपचाराच्या सुरुवातीला घडला तर बहुधा सगळ्यांनाच महागात पडतो.

आईवडिलांनी तुमच्याकडे येण्याचा निर्णय हा तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा भाग आहे, आणि तुम्ही तो शेवटच्या ओळीत लिहिला आहे. कायमचे आणण्याआधी तीन-चार आठवड्यांचा मुक्काम करून पाहा, परतीची तारीख आधी ठरवून. पुन्हा दारू प्यायली तर काय करायचे हे पत्नीबरोबर आधी ठरवा आणि वडिलांना ते शांतपणे, आईच्या उपस्थितीत, आधीच सांगा. रात्री तुमच्या खोलीचे दार बंद असेल, मुलाला रागावण्याचे काम आजोबांचे नसेल, असे साधे नियमही बोलून ठेवा. जवळच वेगळी खोली भाड्याने घेऊन देणे हाही सन्मानाचा मार्ग आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे, पण ती एकाच छपराखाली राहूनच पार पाडावी असे नाही. गावातले लोक काय म्हणतील याचा धाक थोरल्या मुलाला अधिक असतो. ते बोलतीलच, आणि त्यांच्यापैकी कोणी त्या रात्री आले नव्हते.

गोळीबद्दल एक इशारा. दोन वर्षे रोज घेतलेले क्लोनाझेपाम हे वाचून एकदम बंद करू नका. त्याने झोप उडणे, थरथर, क्वचित झटकेसुद्धा येऊ शकतात. मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ते काही आठवडे किंवा महिने घेऊन उतरवतात. चिंतेसाठी वापरली जाणारी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी औषधे वेगळ्या गटातली आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यांची तशी चटक लागत नाही, पण तीही अचानक सोडू नयेत. तुम्हाला ती लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतील. जन्मभर घ्यावी लागतीलच असे समजू नका.

उपचारक निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. ‘समुपदेशक’ हा शब्द कोणीही पाटीवर लावू शकतो, म्हणून पहिल्या भेटीत विचारण्यात संकोच करू नका की आघातावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, प्रगती कशी मोजता, आणि माझी झोप बिघडली तर काय कराल. चांगला उपचारक या प्रश्नांनी दुखावत नाही. खाजगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मनोविकार विभाग पाहा. तिथे गर्दी असते, तरी औषधांचा भाग तिथे नीट होतो.

काळ किती लागेल? चिंता आणि पॅनिकसाठी आठवड्याला एक याप्रमाणे 12 ते 16 भेटी हा सर्वसाधारण अंदाज आहे. आठवणींचे काम लागले तर त्यात भर पडेल. दिवाळीत, गावच्या जत्रेला, वडील पहिल्यांदा मुक्कामाला येतील तेव्हा त्रास पुन्हा वर येईल, तो धरूनच चाला. या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि फोनचा उतार पत्नीशी बोलून ठरवा. आईवडिलांना येण्याची तारीख त्यानंतरच कळवा.